डाळिंबाची कलमे : मोबाइलवरून मागवावीत की रोपवाटिकेतून आणावीत?

सोलापूरच्या नवी पेठेत लग्नाचा बस्ता बांधावयास आलेले कुटुंब लुगड्याचा पोत दोन बोटांत धरून पाहते, ते दुकानाच्या दारात उजेडाला नेऊन रंग पारखते आणि मन न भरल्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढते. त्याच कुटुंबाचा कर्ता शेतकरी कित्येकदा हेक्टरभर डाळिंबाची कलमे मात्र मोबाइलच्या पडद्यावरील लालभडक फळाचे चित्र पाहून मागवितो. लुगड्यातील दोष घरी येताच दिसतो व ते बदलून मिळू शकते. कलमाचा दोष बहुधा पहिला बहार धरल्यावर, म्हणजे दोन-तीन वर्षांनी उघडा पडतो. गेलेला तो काळ कोणताही विक्रेता परत करू शकत नाही. म्हणून कलम कोठून घ्यावे, या प्रश्नाचा विचार खड्डे खणण्यापूर्वीच होणे इष्ट आहे.

कलमाबरोबर काय येते?

डाळिंबाची लागवड मुख्यतः गुटी कलमांनी होते. अलीकडे ऊतिसंवर्धित रोपेही वापरली जातात. गुटी कलम म्हणजे मातृवृक्षाच्या फांदीचाच एक भाग होय. त्यामुळे मातृवृक्षाचे गुण जसे कलमात उतरतात, तसाच त्याच्या अंगी असलेला रोगही उतरतो. तेल्या रोगाची गोष्ट अशीच आहे. हा रोग जिवाणूंमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली दिल्लीत झाली आणि पुढे महाराष्ट्रातील अनेक बागा त्याने मोडकळीस आणल्या. रोगट बागेतून घेतलेले कलम वरून टवटवीत दिसले, तरी त्यात जिवाणू दडून असू शकतात. पावसाळी दमट हवा लाभताच पानांवर तेलकट डाग उमटतात, फांद्यांच्या पेऱ्यांवर काळे चट्टे पडतात आणि फळे तडकतात. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर व छाटणीच्या कात्रीबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. पिशवीतील मातीतून मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशीही शेतात प्रवेश करते. एका शेतकऱ्याने आणलेले रोगट कलम अशा रीतीने शेजाऱ्याच्या बांधापलीकडेही नुकसान पोहोचविते.

मोबाइलवरील खरेदी

या पद्धतीचे काही फायदे नाकारता येत नाहीत. घरबसल्या अनेक विक्रेत्यांचे दर ताडून पाहता येतात आणि जवळपास न मिळणारी जातही मागविता येते. अंगणातील गुलाब वा कुंडीतील शोभेचे झाड याप्रमाणे घेतल्यास, ते न जगल्याने होणारे नुकसान थोडेच असते.

फळबागेचे मात्र तसे नाही. पडद्यावर फळ दिसते. मूळ, माती आणि मातृवृक्ष दिसत नाहीत. कलमे बंद खोक्यात, काळोखात व उष्म्यात काही दिवस प्रवास करतात. उन्हाळ्यात सोलापूरचे तापमान चाळीस अंशांपलीकडे जाते, त्या वेळी हा प्रवास नाजूक मुळ्यांस सोसत नाही. शिवाय जातीच्या नावांचा घोळ असतो. भगवा ही एकच जात शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाते. त्यामुळे नवी जात म्हणून जादा दराने घेतलेले कलम प्रत्यक्षात शेजाऱ्याच्या बागेतील भगवाच निघण्याचा संभव असतो.

जवळची रोपवाटिका

रोपवाटिकेत शेतकऱ्यास स्वतः जाता येते, पिशवी फोडून मुळे पाहता येतात, मातृवृक्ष दाखविण्याची मागणी करता येते आणि पुढे तक्रार उद्भवल्यास त्याच दारात उभे राहता येते. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतील शेतकऱ्यांना आणखी एक सोय आहे. सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ सालापासून आहे. जातीची निवड व रोगाची ओळख यांविषयी तेथील शास्त्रज्ञांचा सल्ला घेता येतो.

तथापि जवळची म्हणून प्रत्येक रोपवाटिका चांगली, असे समजणे चुकीचे होय. हंगामात रस्त्याच्या कडेला टेम्पो उभा करून कलमे विकणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी त्या जागी सापडत नाही. त्याच्याकडून घेतलेले कलम आणि अनोळखी विक्रेत्याने खोक्यातून पाठविलेले कलम यांत फरक काहीच नाही. अंतरापेक्षा जबाबदारी महत्त्वाची आहे. ही जबाबदारी ठरवून देण्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली फळरोपवाटिका व फळझाडांची विक्री यांचे नियमन करणारा कायदा झाला. त्यानुसार परवाना घेणे आणि कलमांच्या मूळ स्रोताची नोंद ठेवणे हे रोपवाटिकाधारकाचे कर्तव्य आहे.

बचतीचा हिशेब

साडेचार मीटर बाय तीन मीटर अंतराने लागवड केल्यास हेक्टरी सुमारे ७४० कलमे लागतात. समजा, एका कलमामागे १० रुपये वाचले, तर हेक्टरी ७,४०० रुपयांची बचत झाली. परंतु खड्डे, शेणखत, ठिबक संच, मजुरी आणि दोन वर्षांचे पाणी हा सर्व खर्च चांगल्या व वाईट कलमास सारखाच करावा लागतो. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे पाण्याचा हा खर्च लहान नव्हे. रोगट कलमास घातलेले पाणी वाया गेले असेच समजावे.

मागणी नोंदविण्यापूर्वी

विक्रेता जवळचा असो वा दूरचा, पुढील गोष्टींची खात्री करून घ्यावी :

१. रोपवाटिकेचा परवाना आहे काय? राष्ट्रीय बागवानी मंडळाचे मानांकन असल्यास अधिक चांगले.

२. मातृवृक्ष कोठे आहेत? ते तेल्या व मर रोगांपासून मुक्त आहेत काय?

३. जातीचे नाव, कलमांची संख्या व तारीख असलेली पक्की पावती मिळेल काय?

४. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेसारख्या योजनेचा लाभ घ्यावयाचा असल्यास ही रोपवाटिका त्यात मान्य आहे काय? हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आधीच विचारावे.

ऑनलाइन विक्रीस २०२० चे ई-वाणिज्य नियम लागू आहेत. विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एक महिन्यात तिचे निवारण करणे या नियमांनुसार आवश्यक आहे. ज्या विक्रेत्याचा पत्ताच दिसत नाही, त्यास पैसे पाठवू नयेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती जवळ हवी.

कलमे आल्यावर

खोके त्याच दिवशी उघडावे व उघडतानाची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. पाने उजेडासमोर धरून तेलकट डाग पाहावेत, पेऱ्यांवरील काळे चट्टे व भेगा तपासाव्यात. शेकडा दोन-तीन पिशव्या फोडून मुळांवर गाठी आहेत काय हे पाहावे. सर्व कलमे जुन्या बागेपासून दूर, सावलीत दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावीत. रोगट आढळलेली कलमे बांधावर किंवा ओढ्यात न टाकता जाळून नष्ट करावीत. कोणत्या ओळीत कोणत्या रोपवाटिकेची कलमे लावली याचा साधा नकाशा वहीत काढून ठेवावा आणि तो पावतीसह निदान पहिले फळ हाती येईपर्यंत जपावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीच्या हंगामापूर्वी गावातील इच्छुक शेतकऱ्यांची यादी करून, त्यांच्यापैकी चार-दोघांसह रोपवाटिका प्रत्यक्ष पाहून यावी व एकत्रित मागणी नोंदवावी. असे केल्याने वाहतुकीचा खर्च वाटला जातो आणि एकाची पारख सर्वांच्या उपयोगी पडते. बस्ता बांधताना चारचौघांना बरोबर नेण्याची रीत घरोघरी आहेच. जी बाग पुढे कित्येक वर्षे कुटुंब पोसणार, तिच्या कलमांसाठीही तीच रीत पाळावी.