यहूदाने केले, की ठरलेले होते?

घटना : बारा शिष्यांपैकी यहूदा इस्कर्योत याने 30 चांदीच्या नाण्यांसाठी येशूला धरून दिले (मत्तय 26).

पेच : लूक 22 मध्ये एकाच वाक्यात दोन्ही गोष्टी येतात. घडणार ते ठरलेले आहे, तरी धरून देणारा सुटत नाही. ‘धरून देणे’ यासाठीच्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘हवाली करणे’. गंमत म्हणजे रोमकरांस पत्रात पौल तेच क्रियापद देवासाठी वापरतो : देवाने पुत्राला हवाली केले.

पूर्वनियोजन : तारण कुणाचे, हे देवाने आधीच ठरवले. कॅल्विनपंथीय शिकवण, मात्र पापाचा कर्ता देव नव्हे. 1845 मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच परंपरेतल्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्यांच्या नावाचे हिस्लॉप कॉलेज 1883 चे.

इच्छास्वातंत्र्य : कॅथलिक भूमिका. देवाला आधी ठाऊक असणे म्हणजे त्याने करायला लावणे नव्हे. नागपूरचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस दि सेल्स (1567–1622) यांच्या नावाचे. पॅरिसमध्ये शिकताना, 1586 च्या सुमारास, आपण नरकासाठीच नेमलेलो आहोत या भीतीने ते खचले होते. 1602 मध्ये ते बिशप झाले, तेही कॅल्विनच्या जिनिव्हाचे. शहर कॅल्विनपंथीयांच्या हाती असल्याने राहावे मात्र अनेसीत लागले.