वेताळाच्या प्रश्नाला उत्तर

भयकथा रात्री, एकट्यानं, दिवा बारीक करून वाचायची, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की चार जणांनी मिळून नारायण धारपांच्या कादंबरीवर बोलायचं म्हटलं तर ते पोरकट वाटतं. वाचक मंडळात चर्चा व्हायची ती सामाजिक कादंबरीची, आत्मचरित्राची, फार तर ऐतिहासिक कादंबरीची. धारप आणि रत्नाकर मतकरी वाचनालयातून घरी न्यायचे, वाचायचे आणि मुकाट्यानं परत करायचे. मला हे उलटं वाटतं. भय आणि अद्भुत यांची कादंबरी ही अशी जात आहे की तिच्यावर कुणाशी बोलल्याशिवाय ती अर्धीच वाचून होते. आणि हे बोलणं पुण्या-मुंबईच्या सभागृहापेक्षा मराठवाड्यातल्या ढोकीसारख्या गावात, जिथं लातूर-बार्शी रस्ता आहे, स्टेशन आहे, कारखाना आहे आणि हाकेच्या अंतरावर तेर आहे, तिथं जास्त कसदार होऊ शकतं.

पहिला पुरावा फार जुना आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली 'वेताळपंचविशी' मराठीत आणली तेव्हा मराठी कादंबरी जन्मायची होती. तिची रचना मुद्दाम आठवून पाहावी. राजा स्मशानातल्या झाडावरचं प्रेत खांद्यावर घेतो. प्रेतातला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि गोष्ट संपली की प्रश्न विचारतो: यात खरा दोषी कोण? खरा त्याग कुणाचा? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, ही अट. उत्तर दिलंस तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर, ही दुसरी अट. म्हणजे आपल्याकडच्या सगळ्यात प्रसिद्ध भुताच्या पुस्तकात ऐकणाऱ्याला नुसतं घाबरून चालत नाही, मत द्यावं लागतं, आणि तेही कारणासकट. 'छान वाटली', 'अंगावर काटा आला' एवढ्यावर वेताळ सोडत नाही.

त्यातली मस्तकांच्या अदलाबदलीची गोष्ट घ्या. देवीपुढं नवरा स्वतःचं शिर वाहतो, मागोमाग बायकोचा भाऊही. देवी प्रसन्न होते, शिरं जोडायला सांगते आणि घाईत ती बाई नवऱ्याचं डोकं भावाच्या धडाला आणि भावाचं नवऱ्याच्या धडाला लावते. दोघेही जिवंत. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याला नवऱ्याचं डोकं तो, कारण शरीरात शिर श्रेष्ठ. हे उत्तर शतकानुशतकं पाठ झालं, पण ते शेवटचं उत्तर नव्हतं. टॉमस मानला १९४० साली त्यावर कादंबरिका लिहावीशी वाटली आणि गिरीश कार्नाडांनी त्याच धाग्यावरून 'हयवदन' उभं केलं. दहा माणसांत हा प्रश्न टाकून पाहिला तर राजाच्या उत्तराला पहिला धक्का बहुधा बायकांकडून बसेल, कारण त्या बाईला कुणीच विचारलेलं नाही. एकट्या वाचकाला ही फट दिसेलच असं नाही, आणि दिसली तरी ती पुढच्या पानाखाली बुजते.

दुसरा पुरावा याच भूमीतला. वेताळाच्या गोष्टी ज्या 'कथासरित्सागरा'त आल्या त्याचं मूळ गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त मानलं जातं, आणि परंपरा गुणाढ्याला पैठणच्या सातवाहन राजाच्या दरबारात ठेवते. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तगर यांची नावं एकत्र येतात. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या तगरातून कापड भडोचच्या बंदराला जाई. ते तगर म्हणजे आजचं तेर. कापडाबरोबर त्या वाटेनं गोष्टीही गेल्या असणार, असं मानायला मला आवडतं. दंतकथा सांगते की गुणाढ्यानं सात लाख श्लोकांची कथा पैशाची भाषेत लिहिली, आणि रानात शाई नव्हती म्हणून रक्तानं लिहिली. राजानं ती भाषा पिशाचांची म्हणून नाकारली. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून ऐकत राहिली, वाळली, राजाच्या ताटातलं मांस सुकं पडू लागलं, तेव्हा कुठे चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळले होते. दरबार नाक मुरडतो आणि ऐकणाऱ्यांचा घोळका कथा वाचवतो, हा या वाङ्मयाचा इतिहास तिथूनच सुरू होतो.

मराठी कादंबरीतही तो तसाच घडला. नारो सदाशिव रिसबूड यांनी १८६८ साली 'मंजुघोषा' लिहिली तेव्हा प्रस्तावनेत जवळजवळ कैफियतच दिली. आपल्या लोकांच्या रोजच्या आयुष्यात, आपल्या लग्नपद्धतीत, रंजक असं काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावं लागतं, अशा आशयाची. हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' लिहून ती कैफियत खोटी पाडली, कारण त्याच लग्नपद्धतीत केवढं भय भरलं आहे ते त्यांनी दाखवलं. पण त्यानंतर वास्तव म्हणजे वाङ्मय आणि अद्भुत म्हणजे करमणूक अशी जी वाटणी झाली ती आजवर टिकली. नाथमाधवांचा 'वीरधवल', गो. ना. दातारांची 'कालिकामूर्ती' पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. अनंत अंतरकरांच्या 'नवल' मासिकानं गूढ आणि भय यांना हक्काची जागा दिली. धारपांनी (१९२५–२००८) 'समर्थ' मालिका, 'चेटकीण', 'लुचाई', 'ग्रास' अशी रांग लावली. मतकरींनी (१९३८–२०२०) 'खेकडा'सारख्या संग्रहांतून भय मध्यमवर्गीय घरात आणून बसवलं. यांच्यावर समीक्षा किती झाली? फार थोडी. दुसरीकडे जी. ए. कुलकर्ण्यांची 'इस्किलार' ही कुठल्याही नकाशावर नसलेल्या प्रदेशात घडणारी कथा आणि चिं. त्र्यं. खानोलकरांची 'रात्र काळी, घागर काळी' वाङ्मयात मोजली गेली. ती मोजली गेली हे योग्यच झालं. पण दोन्हीकडचं भय एकाच टेबलावर ठेवून कुणी तपासलं नाही. समीक्षकांनी न केलेलं हे काम वाचक मंडळ करू शकतं, कारण त्याला अभ्यासक्रमाची शिस्त नाही आणि कपाटांची वाटणी पाळायची सक्ती नाही.

धारप आणि मतकरी शेजारी ठेवले तरी बोलायला किती मिळतं पाहा. धारपांच्या समर्थ-कथांत अनिष्ट शक्ती बाहेरून येते. घर चांगलं असतं, माणसं साधी असतात, एखादी वास्तू किंवा वस्तू निमित्त होते, आणि अभ्यास व साधना असलेला जाणकार येऊन ती शक्ती परतवतो. मतकरींकडे दार आतून उघडतं. कुणाची तरी हाव, कुणावर तरी केलेला अन्याय, लपवलेलं काहीतरी. भूत असतं की मन, हे बऱ्याचदा ठरत नाही. एकाच्या जगात भय निवारता येतं, दुसऱ्याच्या जगात ते भोगावं लागतं. माझा कौल मतकरींच्या बाजूनं पडतो, पण धारपांच्या बाजूनं बोलणाऱ्याकडेही चांगला मुद्दा आहे: संकटात जाणता माणूस मदतीला येईल हा विश्वास ही वाचकाची भाबडी नव्हे, खरी गरज आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की हे सगळं उसनं आहे. 'लुचाई'मागं स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे, दातारांमागं इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स होता. खरं आहे. पण उसनवारी मान्य केली की चर्चा संपत नाही, खरी तिथून सुरू होते. किंगच्या गावात रक्तपिपासूपुढं क्रॉस धरता येतो. मराठी गावात त्या जागी काय धरायचं? शिवाय त्यांच्याकडे मृतदेह पुरतात, म्हणून त्यांचं भय शवपेटीतून, देहासकट उठतं. आपल्याकडे बहुतेकांचा देह जळून जातो आणि मागं उरते ती इच्छा. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नाही की घरातले हात जोडून, मयताच्या मनात काय राहिलं असेल ते एकेक बोलून पाहतात: लेकीचं लग्न करू, थोरल्याचं कर्ज फेडू, म्हातारीला सांभाळू. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा पिंपळावरचा मुंजा होतो, बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. ज्यांचं आयुष्य अर्धं राहिलं, त्यांची ही नोंदवही आहे. रूपांतर कुठे फसलं आणि कुठे मुरलं हे ज्यांनी दहाव्याचा घाट पाहिला आहे त्यांना चटकन कळतं. त्यासाठी किंग मूळ इंग्रजीतून वाचलेला असण्याची गरज नाही.

याहून गंभीर आक्षेप अंधश्रद्धेचा आहे आणि तो मराठवाड्यात हसण्यावारी नेता येत नाही. भानामती हा शब्द इथं पुस्तकातला नाही. त्या नावाखाली माणसांवर, त्यातही बायकांवर, संशय घेतले गेले, मारहाणी झाल्या. २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला आणि त्याच वर्षी त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर मारले गेले. अशा प्रदेशात मांत्रिक जिंकतो त्या कादंबऱ्यांना व्यासपीठ कशाला, असं कुणी विचारलं तर ते विचारणं रास्त आहे. माझं उत्तर असं की या कादंबऱ्या वाचल्या जातातच. प्रश्न एवढाच की त्या वाचून माणूस एकटा राहतो की कुणाशी बोलतो. अफवा आणि कादंबरी यांत मोठा फरक आहे. अफवेला लेखक नसतो, म्हणून तिला जाब विचारता येत नाही. कादंबरीला लेखक असतो. या गोष्टीत चेटकीण बाईच का? ती एकटी, म्हातारी, जमीन असलेली का? पुरुषानं हेच केलं तर त्याला साधक का म्हणतात? पुस्तकावर हे प्रश्न विचारायची सवय लागलेला माणूस उद्या गल्लीतल्या कुजबुजीलाही तोच प्रश्न विचारण्याची शक्यता वाढते. खात्री मी देत नाही, पण गप्प वाचण्यात तर ती शक्यताही नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात भूकंपानं घरं कोसळून हजारो माणसं झोपेत गेली. याच भागात दुष्काळ आहे, कर्जापायी संपवलेली आयुष्यं आहेत. खरं भय इतकं असताना खोट्याची चैन कशाला? पण भूकंपाचे आकडे अहवालात मिळतात, भय मिळत नाही. ज्या दगडमातीच्या जाड भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळे थंड ठेवले त्याच एका रात्रीत अंगावर आल्या, तेव्हा 'घर' या शब्दाचं काय झालं? हे थेट विचारलं तर माणूस बोलत नाही. झपाटलेल्या वाड्याच्या कादंबरीवर बोलता बोलता मात्र, गोष्टीच्या आडोशानं, कदाचित बोलतो. हा आडोसा आपल्या संतपरंपरेलाही ठाऊक होता. तेरच्या गोरोबाकाकांची कथा कीर्तनात ऐकताना भजनात रमलेल्या बापाच्या पायाखाली चिखलाबरोबर लेकरू तुडवलं जातं, या जागी सभामंडप श्वास रोखतो. पुढं चमत्कार आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या चिखलावरून उडी मारून कुणी पुढं जात नाही.

भीती चारचौघांत बोलली की ती मरते, असंही म्हणतात. पण या वाङ्मयाच्या मोठ्या पुस्तकांनीच ते खोडून काढलं आहे. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही मित्रांनी भुताच्या गोष्टी एकमेकांना वाचून दाखवल्या, त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' निघाली. 'ड्रॅक्युला' १८९७ सालची. 'ड्रॅक्युला' रोजनिशा, पत्रं, तारा आणि कात्रणं यांची बनलेली आहे. जोवर प्रत्येक जण आपापली रोजनिशी कुलपात ठेवून आहे तोवर काउंट जिंकत जातो. मिना ते सगळे कागद टंकून एकत्र लावते, सगळे एकमेकांचं वाचतात, आणि तिथून त्याची पीछेहाट सुरू होते. मनातलं एकमेकांना वाचायला देणाऱ्या माणसांचीच ती कादंबरी आहे.

मत कसं द्यावं याचा दाखलाही तेरलाच आहे. गोरोबांच्या घरी संत जमले असताना कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं हे पाहायला त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं, आणि नामदेव कच्चे निघाले. कुंभार मडक्याला मारतो तेव्हा फोडायला मारत नाही. हलकंसं ठोकतो आणि कान देतो: भाजलेलं असेल तर खणखणीत आवाज येतो, कच्चं असेल तर बद्द. कादंबरी तशीच ठोकावी. भीती घटनेतून आली की फक्त विशेषणांतून? जगाचे नियम लेखकानं मध्येच बदलले का? शेवटचा खुलासा काढून टाकला तर काय उरतं? 'हॅरी पॉटर' मराठीतून वाचलेला शाळकरी मुलगा या दुसऱ्या प्रश्नावर मोठ्यांना भारी पडेल, कारण जादूचे नियम तो मनापासून पाळतो.

ढोकीत असं मंडळ बसलं तर पहिल्या बैठकीला कादंबरी नको, वेताळाची शेवटची गोष्ट घ्यावी. बाप आणि लेक वाटेत दोन स्त्रियांच्या पावलांचे ठसे पाहतात. मोठी पावलं आईची असणार असं धरून ठरवतात की मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची लेकाची. निघतं उलटं. बापाचं लग्न मुलीशी होतं, लेकाचं तिच्या आईशी. दोघींना मुलं होतात. ती मुलं एकमेकांची कोण? मामा, काका, आत्या, चुलता, मावसभाऊ यांत रोज हिशेब करणारी माणसं कागद-पेन्सिल घेऊन बसली तरी हे नातं सरळ लागत नाही. राजालाही लागलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून डोकंही फुटलं नाही. तो गप्प चालत राहिला, आणि त्या रात्री पहिल्यांदाच वेताळ झाडाकडे उडाला नाही. खांद्यावरून वाकून त्यानं राजाच्या कानात सांगितलं की ज्या साधूसाठी तू हे ओझं वाहतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे.