धक्क्याला लावलं कामाला

गोळी दिसलीच नाही. दिसली ती पुंगळी. पितळेची, बोटाच्या पेराहून बुटकी, पिस्तुलाच्या उजव्या अंगाने टुणकन उडाली, पार्टिशनवर आपटली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. समोर पंचवीस मीटरवरच्या कागदाला भोक पडलं होतं, पण ते कधी पडलं हे विचारू नका.

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. भाचीचं नवं पिस्तूल आलं होतं, पॉइंट टू टूचं, अर्धस्वयंचलित. परवाना, आयात, मंजुऱ्या अशा फेऱ्या संपल्यावर एकदाचं हातात पडलेलं. आज त्याची पहिली चाचणी. ती मला म्हणाली, "मामा, कानावर ते मफ घाल आणि माझ्या मागे बस. मध्ये बोलू नकोस." दोन्ही अटी मान्य केल्या.

आधी पिस्तुलाची मापं झाली. पंचवीस मीटरच्या या प्रकारात ते १४०० ग्रॅमहून जड असून चालत नाही. शिवाय ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत ते पूर्ण मावावं लागतं. पेढ्यांचा लांबट डबा डोळ्यासमोर आणा, साधारण तेवढं. सगळ्यात गमतीची घोड्याची परीक्षा. पिस्तूल नळी वर करून उभं धरायचं, घोड्याला एक किलोचं वजन अडकवायचं आणि उचलायचं. वजन जमिनीवरून सुटलं तरी घोडा पडता कामा नये. वाण्याच्या तराजूतल्या त्या ओळखीच्या वजनाने एवढ्या नाजूक यंत्राचा न्याय व्हावा, याचं मला फार बरं वाटलं.

आता त्या पुंगळीकडे येऊ. अर्धस्वयंचलित म्हणजे घोडा दर वेळी माणसाने दाबायचा, बाकीची सगळी आवराआवर पिस्तुलाने करायची. रिकामी पुंगळी बाहेर फेकायची, हातोडी पुन्हा ताणून ठेवायची, मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीच्या तोंडी सारायचं. यात बॅटरी नाही, मोटर नाही. मग हे सगळं चालतं कशावर?

धक्क्यावर. आणि हा धक्का समजायला भाऊच्या धक्क्याइतकी चांगली जागा नाही. छोट्या होडीतून काठावर उडी मारा, तुम्ही पुढे जाता आणि होडी मागे सरकते. होडी जड असेल तर थोडी, हलकी असेल तर जास्त. पिस्तुलात उडी मारते ती गोळी आणि मागे सरकते ती बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करून बसलेला पोलादी ठोकळा. त्याला कुठलीही कडी नाही, कुलूप नाही. फक्त स्वतःच्या वजनाने आणि एका स्प्रिंगच्या रेट्याने तो दार अडवून उभा असतो.

मला भीती वाटली ती इथे. आत स्फोट होतोय आणि दाराला कडीच नाही! गोळी बाहेर पडण्याआधी दार उघडलं तर? घरी येऊन मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. गोळी शिशाची, सुमारे २.६ ग्रॅम. बोल्ट दोनशे ग्रॅमचा धरून चालू, म्हणजे गोळीच्या सत्त्याहत्तर पट जड. होडीचा नियम असा की जो जितक्या पट जड, तो तितक्या पट कमी सरकतो. गोळीने बारा सेंटिमीटरची नळी पार केली, तेवढ्यात बोल्ट किती मागे गेला असेल? बारा सेंटिमीटर भागिले सत्त्याहत्तर. जेमतेम दीड मिलिमीटर, आणि हे स्प्रिंगचा विरोध न धरता. पुंगळीची लांबी पंधरा मिलिमीटरच्या वर, म्हणजे गोळी नळीतून सुटते तेव्हाही पुंगळी जवळजवळ पूर्ण आपल्या घरात असते. दार उघडायला सुरुवात झालेली असते, पण फटीतून बघण्याइतकंही नाही. गोळी गेली की आतला दाब ओसरतो आणि बोल्ट मिळालेल्या वेगावर उरलेली वाट जातो. जाता जाता पुंगळी ओढतो, हातोडी मागे ढकलतो, स्प्रिंग दाबतो. मग दबलेली स्प्रिंग त्याला परत पाठवते आणि येताना तो नवं काडतूस घेऊन येतो. रिकाम्या हाताने परत यायचं नाही, हा आमच्या आजीचा नियम त्याला कुणी शिकवला कोण जाणे.

हे सगळं सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकतं. गोळीचा नळीतला मुक्काम तर याहून फार लहान, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. पुढचे पंचवीस मीटर ती सुमारे आठ शतांश सेकंदात जाते, कारण तिचा वेग सेकंदाला तीनशे वीस मीटरच्या आसपास, आवाजाच्या जरा मागे. माणसाला काही कळून हात हलवायला साधारण दोन दशांश सेकंद लागतात. पापणी लवते न लवते तोच, असं आपण उगाच म्हणतो. इथे ते अक्षरशः खरं आहे. शिवाय नळीच्या आतल्या आट्यांनी गोळीला गरगर फिरवलेलं असतं. चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरला एक वेढा, म्हणजे त्या वेगाला सेकंदाला सातशेहून जास्त फेरे. आपला मिक्सर कितीही किंचाळला तरी याच्या निम्म्यालाही पोचत नाही. भोवरा फिरतो म्हणून उभा राहतो, गोळी फिरते म्हणून नाकासमोर जाते. तरी पृथ्वी आपला वाटा सोडत नाही. त्या आठ शतांश सेकंदातही गोळी तीन सेंटिमीटर खाली येतेच. म्हणून नळीचा रोख दृष्टीच्या रेषेहून किंचित वर ठेवलेला असतो.

मग भाचीने दुसरी मालिका सुरू केली आणि तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडलं. पुंगळी दारातच उभी अडकली होती, चुलीच्या धुराड्यासारखी. भाचीने नळी समोरच ठेवली आणि मोकळा हात वर केला. तिचे प्रशिक्षक सर आले, बघून हसले. नवी स्प्रिंग कडक आणि काडतूस मवाळ, त्यामुळे बोल्ट पुरता मागे पोचला नाही. दोनशे गोळ्या झाल्या की स्प्रिंग सैल होईल, म्हणाले. मग तिच्या मनगटाकडे बोट केलं. तेही ढिलं होतं. यातली मेख मला नंतर कळली. बोल्ट मागे जातो तो पिस्तुलाच्या सांगाड्याच्या तुलनेत. सांगाडाच हाताबरोबर मागे वाहून गेला तर बोल्टला धावायला जागा कमी पडते. थोडक्यात, नेमबाजाचं मनगट हाही या यंत्राचा एक भाग आहे, आणि तो कारखान्यातून जोडून येत नाही.

धक्का हा शतकानुशतकं नुसता उपद्रव होता. हायरम मॅक्सिम या अमेरिकी संशोधकाने आपली आठवण सांगितली आहे ती अशी, की लष्करी रायफल झाडून खांदा काळानिळा झाला आणि मनात आलं, हा रट्टा वाया का जातो? १८८४ च्या सुमारास लंडनमध्ये त्याने धक्क्यावर चालणारी बंदूक, मशीनगन, करून दाखवली. त्या शोधाने पुढे किती माणसं कापली हे सांगायला नको, आणि कौतुक करताना ते विसरूही नये. धक्क्याला खिशात मावेल एवढ्या यंत्रात बसवण्याचं श्रेय मात्र बरंचसं युटामधल्या एका बंदूक-कारागिराच्या मुलाकडे जातं. त्याचं नाव जॉन मोझेस ब्राउनिंग. मोठ्या काडतुसाला नुसत्या वजनाचा बोल्ट पुरत नाही. पॉइंट फॉर्टी-फाइव्हची गोळी पंधरा ग्रॅमची, तिचा धक्का आपल्या टू-टूच्या चौपटीहून जास्त. बोल्ट वाढवत गेलो तर पिस्तूल नव्हे, पाटा-वरवंटा होईल. ब्राउनिंगने नळी आणि वरची सरकती स्लाइड एकमेकांत अडकवली. सुरुवातीला दोघी हातात हात घालून मागे जातात, तेवढ्यात गोळी निघून जाते, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, हात सुटतो आणि स्लाइड एकटी पुढचं काम करते. आजही जगातल्या पोलिसांच्या कमरेला असलेल्या बहुतेक पिस्तुलांत याच युक्तीची नातवंडं-पतवंडं नांदतात.

आणि चाचणी म्हणावी तर त्याच्या पिस्तुलाची. मार्च १९११. अमेरिकी लष्करापुढे दोन स्पर्धक उभे होते, ब्राउनिंगचं कोल्ट आणि दुसरं सॅव्हेज. प्रत्येकातून सहा हजार गोळ्या झाडायच्या. शंभर झाल्या की पाच मिनिटं थंड होऊ द्यायचं, हजाराला एकदा पुसून तेल घालायचं. सॅव्हेज सदतीस वेळा अडलं. कोल्ट एकदाही नाही. त्याच महिन्याच्या २९ तारखेला लष्कराने ते स्वीकारलं आणि वर्षाचाच आकडा त्याचं नाव झाला. तिसऱ्या गोळीला हात वर करणाऱ्या भाचीला हे मी रेंजवर सांगितलं नाही, अट आठवली.

पिस्तूल सुरळीत झालं तशी मी तिच्याकडे पाहू लागलो. ती समोरच्या काळ्या वर्तुळाकडे बघतच नव्हती. नजर होती नळीच्या टोकावरच्या माशीवर, म्हणजे नेम धरायच्या खुंटीवर. डोळ्याला जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, म्हणून एकाला सोडावं लागतं, आणि सोडायचं ते लक्ष्यालाच. कारण साधं आहे. मागची खाच आणि पुढची माशी यांत वीस सेंटिमीटर अंतर धरलं, तर माशी एक दशांश मिलिमीटर चुकली की पंचवीस मीटरवर साडेबारा मिलिमीटरचा फरक पडतो. संथ मालिकेत दहा गुणांचं वर्तुळ पन्नास मिलिमीटरचं असतं. जलद मालिकेत ते दुप्पट, पण तिथे हात पंचेचाळीस अंशांवर खाली ठेवून वाट पाहायची आणि लक्ष्य तीन सेकंद समोर आलं की तेवढ्यात हात वर, एक गोळी. मग सात सेकंद विश्रांती, पुन्हा तीन. याच प्रकारात कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला सुवर्ण घेतलं. अंतिम फेरीत तिचे आणि प्रतिस्पर्धी नेमबाजाचे ३४-३४ झाले आणि निकाल शूट-ऑफवर गेला. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. टीव्हीवर पाहताना मला ते शांत वाटलं होतं. शेजारी बसून पाहिल्यावर त्या शांततेला किती कष्ट पडतात ते दिसलं.

सरांनी मधेच एक खोडी केली. मॅगझिन स्वतः भरलं आणि त्यात एक खोटं काडतूस सरकवलं, कितवं ते सांगितलं नाही. दोन गोळ्या नीट गेल्या. तिसऱ्याला नुसतं टक्, आणि आवाज नसताना, धक्का नसताना पिस्तुलाचं नाक खाली गचकलं. भाची लाल झाली. गोळी सुटण्याआधीच तिचं मनगट येऊ घातलेल्या धक्क्याला तोंड द्यायला निघालं होतं. खरा धक्का नेम बिघडवत नाही, त्याची जाणीव होईपर्यंत गोळी केव्हाच कागदापार झालेली असते. बिघडवते ती धक्क्याची धास्ती. सर एवढंच म्हणाले, "पिस्तूल चांगलं आहे. आता तुझी चाचणी चालू."

शेवटी रेंज ऑफिसरने अनलोडचा पुकारा केला, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग गेला, मफ उतरले. भाची वाकून पुंगळ्या वेचू लागली. पन्नासचा डबा होता, एकोणपन्नास सापडल्या. बाकाखाली पाहिलं, पार्टिशनमागे पाहिलं. पन्नासावी रात्री घरी माझ्या सदऱ्याच्या खिशातून निघाली. पितळ काळवंडलेलं, दारूचा वास अजून होता. बुडाच्या कडेला एक बारीक चौकोनी खूण होती. या काडतुसाचा मसाला मध्यभागी नसतो, कडेच्या पोकळीत भरलेला असतो, म्हणून हातोडीचा घाव तिथेच बसतो. भिंगाखाली धरली. खुणेचा एक कोपरा किंचित तुटका होता. सकाळी भाचीला फोन करून बाकीच्या एकोणपन्नास बघायला सांगितल्या. अर्ध्या तासाने तिचा निरोप आला, "मामा, सगळ्यांचा कोपरा तसाच आहे."