कोल्हापूरचा टोल आणि देणगीदारांचा प्रश्न

शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांसाठी 30 वर्षे टोल, अशा अटींचा करार कोल्हापूर महापालिका, राज्य रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबी कंपनी यांच्यात झाला. ऑक्टोबर 2013मध्ये शहराच्या वेशीवरच्या नाक्यांवर वसुली सुरू झाली. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासह सर्वपक्षीय कृती समितीने लढा दिला आणि डिसेंबर 2015मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले.

लोकांचा एक आक्षेप असा होता, की इतका दीर्घ करार जनतेला विश्वासात न घेता झालाच कसा? या आक्षेपातून एक मोठा प्रश्न पुढे येतो : कंत्राटदार राजकीय पक्षांना देणगी देत असेल, तर ते मतदारांना कळते का?

महापालिका कायद्यानुसार नगरसेवकाचा पालिकेच्या ठेक्यात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास तो अपात्र ठरतो. पण त्याच्या पक्षाला ठेकेदाराने दिलेली देणगी या तरतुदीत येत नाही. शिवाय 20 हजार रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला जाहीर करावे लागत नाही. 2018पासून देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणाऱ्या निवडणूक रोख्यांच्या योजनेने मोठ्या देणग्याही झाकल्या. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली.

देणगी म्हणजे लाच नव्हे. मात्र ठेकेदारांची आणि देणगीदारांची यादी शेजारी ठेवून पाहता आली, तरच संशय खरा की खोटा हे नागरिकाला ठरवता येईल.