हातावरची शिरोरेषा
(गोंदणाची गोष्ट : लेखांक ६)

अक्षरांचा टॅटू काढायला येणारा मजकूर पक्का करून येतो. आईचं नाव, लेकीचं नाव, ‘जगदंब’. वळण विचारलं की फोन पुढे करतो, ‘हा फॉन्ट बघा’. देवनागरीत खरं तर पहिला विचार शिरोरेषेचा करायला हवा.

कागदावर ही रेघ निमूट सरळ राहते. मनगट गोल, शिवाय हात वळला की कातडी पिळते. म्हणून स्टेन्सिल हात टेबलावर ठेवून लावू नये, उभं राहून, हात सैल सोडून लावून घ्यावं. वेलबुट्टी जराशी तिरकी गेली तर खपून जाते, शिरोरेषा सूतभर कलली तरी डोळ्यांत भरते. मनगटाभोवती लांब ओळ हवीच असेल, तर रेघ शब्दाशब्दाला तोडावी किंवा कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी मोकळी काढावी. ‘भ’ आणि ‘ध’ मात्र सांभाळा, त्यांच्या डोक्यावरची रेघ तुटकच असते. देवनागरी न वाचणारा आर्टिस्ट एका दमात रेघ ओढून मोकळा होतो आणि ‘माधव’चा ‘माघव’ होऊन बसतो.

जाड-बारीकपणाचंही तसंच. देवनागरीसाठी बोरू तिरपा कापतात तो इंग्रजी कटनिबच्या उलट बाजूने, त्यामुळे जाडी पडते ती जागाच वेगळी. गॉथिकवर हात बसलेला आर्टिस्ट मराठी नाव त्याच सवयीने काढतो, तेव्हा अक्षरं चुकत नाहीत पण परकी वाटतात. कितीही चलनात असो, मला तो प्रकार रुचत नाही. त्यापेक्षा कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी केलेली शीर्षकं पाहावीत. दर नाटकाचं वळण निराळं, तरी वाचताना कुठे अडखळायला होत नाही. अच्युत पालव यांचं सुलेखनही पाहावं. नक्कल करायला नव्हे, आपल्याला काय आवडतं ते कळायला.

आकाराच्या बाबतीत हौसेला मुरड घालावी लागते. शाई कातडीच्या आतल्या थरात बसते, तिथल्या पेशी ती धरून ठेवतात, तरी वर्षं सरतात तशी रेघ थोडी पसरतेच. नाव खऱ्या मापात छापून त्यावरून जाड स्केचपेन फिरवा. ‘ष’चं पोट बुजलं, अनुस्वार मात्रेला चिकटला, तर अक्षर मोठं करा किंवा शब्द कमी करा. ‘फाइन लाइन’च्या मोहात ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ यांचे सर्वांत आधी हाल होतात.

फॉन्टच घ्यायचा असेल तर मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आहेत ना, ते पाहा. बऱ्याच फॉन्टांत ते हिंदी वळणाचे असतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलेला मजकूर फुटतो. ‘शक्ति’तली वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षराचा पाय मोडतो, ‘साताऱ्याचा’ या शब्दात रफार घुसतो. छापलेला कागद घरातल्या एखाद्या शुद्धलेखनवाल्या मावशींना दाखवलेला बरा.

सध्या मोडीची हौस वाढली आहे. दिसतेही देखणी: आधी ओळभर रेघ, मग हात फारसा न उचलता तिला लोंबकळणारी अक्षरं. पण मोडीत वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नाहीत, हे माहीत असू द्या. स्टेन्सिल काढण्याआधी नमुना मोडी जाणणाऱ्याला वाचायला द्यावा, आणि त्यात काय लिहिलं आहे ते त्याला आधी सांगू नये.