हुकूमशहा आरोपीच्या पिंजऱ्यात

आरोपी : हिसेन हाब्रे. १९८२ ते १९९० चाडचा सर्वेसर्वा. सत्ता गेल्यावर सेनेगलमध्ये आश्रय. चौकशी आयोगाच्या अंदाजानुसार त्याच्या राजवटीत सुमारे ४०,००० बळी.

तुरुंग : राजधानी एन्जामेनातला जुना पोहण्याचा तलाव. वर काँक्रीटचा स्लॅब टाकून खाली कोठड्या काढल्या. नाव तेच राहिलं : 'ला पिसीन', म्हणजे तलाव.

पुरावा : तुरुंगातून सुटलेल्या सुलेमान गेंगेंग यांनी सहकाऱ्यांसह ७९२ पीडितांच्या जबान्या गोळा केल्या. २००१मध्ये गुप्त पोलिसांच्या ओस पडलेल्या कचेरीत कागदांचा खच सापडला. त्यात मारल्या गेलेल्या किंवा कोठडीत दगावलेल्या १,२०८ जणांची नावं होती.

टोलवाटोलवी : पहिली फिर्याद सेनेगलच्या राजधानीत, डाकारमध्ये, २०००. मग बारा वर्षं चालढकल. हाब्रेचा ताबा मागणाऱ्या बेल्जियमने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. जुलै २०१२मध्ये न्यायालयाने सेनेगलला बजावलं : ताबा देत नसाल, तर विनाविलंब खटला चालवा.

निकाल : आफ्रिकी संघाशी करार करून सेनेगलने खास न्यायालय उभारलं. ३० मे २०१६ रोजी जन्मठेप. २०१७मध्ये अपिलातही कायम. पीडितांना मंजूर झालेल्या भरपाईची वाट मात्र त्यानंतरही लांबली. हाब्रे शिक्षा भोगत असतानाच २०२१मध्ये मरण पावला.