कोर्स झाला, काम येतं का?

एमएस-सीआयटी झालं की संगणक आला, असा समज बीडमध्येच काय, राज्यभर आहे. २००१ पासूनचा हा अभ्यासक्रम संगणक साक्षरता (यंत्राची प्राथमिक ओळख) देतो आणि अनेक सरकारी पदांची अटही भागवतो. खासगी कंपन्या मात्र डिजिटल कौशल्य मागतात, म्हणजे संगणकावर एखादं काम तडीस नेणं. घरात कोयता असला म्हणून ऊसतोडीचा हात बसत नाही, तसंच हे.

असं कौशल्य काय करू शकतं, याचं उदाहरण बीडमध्येच आहे. आष्टी तालुक्यातले दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये ऑफिसबॉय होते. ग्राफिक डिझाइन शिकून त्यांनी पुढे ‘डूग्राफिक्स’ ही कंपनी काढली. लॉकडाउनमध्ये तर गावाकडच्या गोठ्यातून काम चालवलं.

बाहेरही मागणी अशीच. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात एआय आणि डेटाची कौशल्यं सर्वांत वेगानं वाढणारी ठरली. पण आजच्या गरजेत कंपन्यांनी पहिलं स्थान दिलं ते विश्लेषक विचाराला.